मुरूम काढून झाल्यावर जमीन पुन्हा वापरात कशी आणायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती दख्खनच्या पठारावरील लहान मुरूम खाणींसाठी आहे: माळावर किंवा शेताच्या पडीक कोपऱ्यात, एकराच्या आत, साधारण दोन ते चार मीटर खोल. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून सगळीकडे एकच उदाहरण धरले आहे. खाण ४० मीटर × ५० मीटरची (जवळपास २० गुंठे), खोली ३ मीटर, वरची माती २० सेंटिमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर.

नियोजन कधी सुरू करायचे? खाण बंद झाल्यावर चालेल का?

चालेल, पण बरेच महाग पडेल. पहिली बकेट मारण्याआधी तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात: वरची माती कुठे ठेवायची, किती खोल जायचे आणि खड्ड्यातले पाणी कुठे जाणार. या तिन्ही गोष्टी नंतर पूर्णपणे दुरुस्त करता येत नाहीत. माती विकली गेली की परत येत नाही आणि हद्दीला लागून कडा तोडली की तिला उतार द्यायला जागा उरत नाही.

सुरुवातीला चार-पाच ठिकाणी चाचणी खड्डे घ्या. मातीची जाडी, मुरमाची जाडी आणि खाली कठीण पाषाण किती खोलीवर लागतो ते लिहून ठेवा. जमिनीचा उतार मोजायला गवंडी वापरतात ती पाण्याची नळी पुरते. जवळच्या विहिरींची पाणीपातळी मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर, अशी दोनदा टिपा. पुढे शेजाऱ्याशी वाद झाला तर हीच वही कामाला येते.

वरची माती किती निघते आणि ती ठेवायची कशी?

उदाहरणातल्या खाणीत ४०० घनमीटर, म्हणजे सुमारे १४१ ब्रास. शिवाय कडांना उतार देताना भोवतालची पट्टीही खणावी लागते (त्याचा हिशेब खाली आहे), त्या पट्टीवरची माती धरली की आकडा ५७८ घनमीटर, म्हणजे २०४ ब्रासवर जातो.

माती काढताना रंग बदलला की थांबायचे. काळ्या-तपकिरी मातीत पिवळसर मुरूम मिसळला की अर्धे काम वाया गेले. पोकलेनपेक्षा जेसीबीच्या पुढच्या बकेटने खरवडलेली माती स्वच्छ निघते. जमीन ओली असताना हे काम करू नका, ढेकळे बांधतात आणि चाकाखाली माती दडपते.

ढीग खाणीच्या वरच्या अंगाला, उतार दिल्यावर कडा जिथे येणार तिथून निदान खाणीच्या खोलीइतका लांब लावा. दोन फायदे होतात. वरून येणारे पावसाचे पाणी ढिगाला अडून बाजूला वळते आणि शेवटी माती उताराने खाली ढकलता येते, डिझेल वाचते. उंची दीड ते दोन मीटरच्या वर नको. त्याहून उंच ढिगात आतल्या मातीला हवा मिळत नाही, मातीतले जीवाणू मरतात. ढीग एका पावसाळ्याहून जास्त राहणार असेल तर त्यावर ताग किंवा हुलगा फेकून द्या. उघडा ढीग पहिल्या वळवातच निम्मा ओढ्याला लागतो.

आणि साधी गोष्ट: मुरूम विका, माती विकू नका. ठेकेदार 'वरची घाण मी उचलून नेतो' म्हणाला तर तो उपकार करत नसतो. ती 'घाण' बागेच्या मातीच्या भावाने कुठेतरी उतरते.

किती खोल जाणे शहाणपणाचे?

इथे थोडे गणित करावे लागते, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

उभी कडा तशीच ठेवली तर दोन पावसाळ्यांत ढासळते. उताराचे प्रमाण आडवे ३ : उभे १ ठेवले तर त्यावर गवत टिकते आणि ट्रॅक्टर काळजीपूर्वक फिरू शकतो. २ : १ वर झाडे आणि गवत येते, ट्रॅक्टर नाही. १.५ : १ पेक्षा उभा उतार मुरमाला देऊ नये.

३ : १ उतार करण्याची स्वस्त पद्धत म्हणजे कडेचा वरचा अर्धा भाग कापून खालच्या अर्ध्या भागाच्या पायथ्याशी टाकणे. बाहेरून काहीच आणावे लागत नाही. ३ मीटर उंच कडेला धावत्या मीटरमागे ३.४ घनमीटर, म्हणजे जवळपास १.२ ब्रास कापावे लागते. उदाहरणातल्या खाणीचा घेर १८० मीटर आहे, म्हणजे २१५ ब्रासच्या आसपास काम. कोपऱ्यांत थोडे अधिक. यात मूळ कडा ४.५ मीटर मागे सरकते.

आता खोली दुप्पट, म्हणजे ६ मीटर करून पाहा. कापायचे काम दुप्पट होत नाही, चौपट होते: मीटरमागे ४.८ ब्रास. आणि कडा ९ मीटर मागे सरकते. खाणपट्ट्याच्या आराखड्यात हद्दीपासून साधारण ७.५ मीटरची पट्टी मोकळी सोडण्याची रीत आहे. ३ मीटर खोलीला ती पुरते, ६ मीटरला उतार थेट शेजाऱ्याच्या बांधात शिरतो. शेवटचे हजार ब्रास मिळवण्याच्या नादात जमीन कायमची गमावली जाते ती अशी.

दुसरी मर्यादा खालून येते. कठीण पाषाणावर निदान ६० सेंटिमीटर, जमल्यास एक मीटर मुरूम राहू द्या. त्यातून पाणी निचरते आणि मुळांना जागा मिळते. उघड्या काळ्या कातळावर फूटभर माती पसरली तर पावसाळ्यात दलदल आणि डिसेंबरात भेगा, हेच हाती लागते.

खोदकाम चालू असताना कडा कशी ठेवायची?

मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ मध्ये मुरूम, माती, खडी अशा भुसभुशीत थरांसाठी नियम स्पष्ट आहे: एक तर कडेचा उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नको, नाहीतर टप्पे पाडायचे, टप्प्याची उंची दीड मीटरपेक्षा जास्त नको आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नको. खालून मुरूम ओरबाडून वरचा भाग आपोआप पाडणे हा प्रकार सर्रास दिसतो आणि माणसे दबतात ती त्यातच.

मुरूम काढल्याने विहिरीचे पाणी जाते, हे खरे आहे का?

काही ठिकाणी खरे आहे. पठारावर उथळ विहिरींना पाणी देणारा थर बहुतेकदा हाच असतो: झिजलेला बेसॉल्ट, म्हणजेच मुरूम आणि त्याखालचा मांजऱ्या (अर्धवट झिजलेला खडक). अशा थरात आकारमानाच्या साधारण दोन टक्के पाणी उपसता येण्याजोगे असते. उदाहरणातला सगळा थर भिजत असेल असे धरले, तरी साठवण सुमारे १२० घनमीटरनेच घटते. ते फार नाही. खरा तोटा वेगळाच असतो. खड्डा पाण्याच्या पातळीच्या खाली गेला की वरच्या बाजूने विहिरीकडे जाणारा पाझर खड्ड्यात उतरतो आणि उन्हात उडून जातो. म्हणून पावसाळा संपताना पाणी ज्या पातळीला असते, त्याच्या वरच थांबा. विहीर खाणीच्या खालच्या अंगाला असेल तर ही अट दुपटीने पाळा.

पावसाचे पाणी खड्ड्यात साचेल. ते काढायचे कसे?

आधी ठरवा की काढायचेच आहे का. सपाट माळावर ३ मीटर खोल तळातले पाणी चराने बाहेर काढायचे तर, जमिनीला दोन टक्के उतार असताना, १५० मीटरहून लांब चर खणावा लागतो. इतकी जमीन आपली नसते.

उतार दिल्यावर उदाहरणातल्या खड्ड्याचे तोंड ४९ × ५९ मीटर होते आणि सपाट तळ ३१ × ४१ मीटर उरतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर २८९ घनमीटर पाणी थेट आत पडते. सगळा तळ सपाट असेल आणि काहीच मुरले नाही, तर शेतात २३ सेंटिमीटर पाणी उभे. म्हणून तळ अगदी सपाट करू नका. एका कोपऱ्याकडे एक टक्क्याचा उतार द्या आणि त्या कोपऱ्यात सुमारे ३०० घनमीटरचा खड्डा ठेवा. पाणी तिथे गोळा होऊन मुरते, काही टिकले तर हिवाळ्यात एखाद-दुसरे पाणी द्यायलाही उपयोगी पडते. तो खणताना कठीण खडक लागला तर तिथेच थांबा आणि लांबी-रुंदी वाढवा.

वरून येणारे पाणी मात्र आत येऊच द्यायचे नाही. वरच्या अंगाला ६० सेंटिमीटर रुंद, ४५ सेंटिमीटर खोल चर, उतार शेकडा अर्ध्या मीटरपेक्षा कमी, आणि तोंड गवताळ जागेत सोडलेले. चराचे तोंड उघड्या मुरमावर सोडले तर पुढच्या वर्षी तिथे घळ दिसेल.

पूर्ण खड्डा भरून जमीन पूर्वीसारखी सपाट करता येणार नाही का?

१९८० ब्रास मुरूम बाहेर गेला आहे. तेवढाच भराव आणायचा तर मुरमाचे मिळालेले पैसे पुरणार नाहीत. त्यामुळे 'भरून देतो' असे कोणी म्हणाले की आधी विचारा, कशाने?

उत्तर बहुतेक वेळा इमारतींचा राडारोडा किंवा शहरातला कचरा असे असते. कचरा तर नकोच. बेसॉल्टच्या फटींतून त्याचे पाणी विहिरीत उतरायला वेळ लागत नाही आणि एकदा उतरले की ते काढण्याचा उपाय गावाच्या हातात नसतो. राडारोड्यात प्लास्टर, रंग, जिप्सम, प्लास्टिक, काच येते, आणि ट्रक रात्री येत असतील तर आत काय आहे ते सकाळी कळते.

स्वच्छ दगड-मुरूम खरोखरच मिळत असेल (जवळ विहीर, पाया किंवा रस्त्याचे कटिंग चालू असेल तर मिळतो), तर मोठे दगड तळाला, त्यावर बारीक, ३० सेंटिमीटरच्या थराथराने भरा. दगडांवर थेट माती टाकू नका. मधल्या पोकळ्यांतून ती पावसाबरोबर खाली झिरपते आणि तिसऱ्या वर्षी शेतात खळगे पडतात. मध्ये ३० सेंटिमीटर बारीक मुरमाचा थर हवाच. एक पावसाळा बसू द्या, मग माती पसरा. भरावावर घर किंवा गोठा बांधू नका.

माती परत पसरण्याआधी तळाला काय करायचे?

फोडायचा. हे काम सर्वांत जास्त वेळा राहून जाते. भरलेली वाहने महिनोन्महिने ज्या तळावर फिरली तो रोलर फिरवलेल्या रस्त्यासारखा घट्ट झालेला असतो. त्यावर पसरलेली माती वरून छान दिसते, पहिले पीकही बरे येते, पण मूळ सहा इंचांवर आडवे वळते. सबसॉयलरने (जमीन खोलवर फोडणाऱ्या ट्रॅक्टरच्या अवजाराने) किंवा जेसीबीच्या दातांनी ४५ ते ६० सेंटिमीटर खोल, मीटरभर अंतरावर, उताराला आडवे फोडा. मुरूम कोरडा असतानाच, मार्च-एप्रिलमध्ये. ओल्या मुरमात सबसॉयलर नुसती चीर पाडतो, थर तुटत नाही.

मातीचा थर किती हवा?

उदाहरणात ५७८ घनमीटर माती आहे. उतारांवर १० सेंटिमीटर पुरते, त्यात १६२ घनमीटर जाते. उरलेली ४१६ घनमीटर १२७१ चौरस मीटर तळावर पसरली तर ३३ सेंटिमीटरचा थर बसतो. पसरताना थोडी वाया जातेच, म्हणून फूटभर धरा. मूळ माळावर जेमतेम आठ इंच माती होती, हे लक्षात घेतले तर तळाची १२ गुंठे जमीन आधीपेक्षा बरी होते. बाजरी, मटकी, हुलगा यांना एवढे पुरते. हरभरा आणि तुरीला दीड फूट असेल तर उत्तम.

बाहेरून माती आणायची असेल तर सूत्र सोपे आहे: एका गुंठ्यावर एक फूट थर म्हणजे १०.९ ब्रास, एका एकरावर ४३६ ब्रास. ट्रॉलीत किती बसते ते स्वतः टेपने मोजा. 'एक ब्रासची ट्रॉली' अनेकदा पाऊण ब्रासचीच असते.

धरणाचा किंवा तलावाचा गाळ चालेल का?

चालेल, पण मिसळून. राज्यात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे आणि तिच्यातून शेतासाठी गाळ मिळतो. जवळ तलाव असेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. गाळ उन्हाळ्यातच काढता येतो, त्यामुळे खाणीचा तळ आधी तयार हवा.

चूक होते ती अशी: फोडलेल्या मुरमावर नुसता दोन फूट चिकण गाळ ओततात. मग पाणी गाळातच अडते, खाली उतरत नाही. तीन-चार इंच गाळ पसरून खालच्या मुरमात नांगराने मिसळा, वर पुन्हा तेवढाच. आणण्याआधी माती परीक्षण करून घ्या. सामू (पीएच) ८.५ च्या वर असेल किंवा गाळ वाळल्यावर पांढरी खार वर येत असेल तर तो तलाव सोडा. चुनखडी जास्त असेल तर फळझाडांची पाने लोहाअभावी पिवळी पडतात.

पहिल्या वर्षी काय पेरायचे?

विकायचे पीक नको. ताग, एकरी २० ते २५ किलो बी, पहिल्या चांगल्या पावसावर. ४५ ते ५० दिवसांनी, फुलोऱ्याच्या तोंडावर गाडायचा. उशीर केला तर खोड लाकडासारखे होते, कुजत नाही. पाणी धरून राहणाऱ्या कोपऱ्यात तागाऐवजी धैंचा. त्याआधी एकरी चार-पाच टन शेणखत पडले तर फरक दिसतो. दुसऱ्या वर्षी हुलगा किंवा मटकी, तिसऱ्या वर्षी बाजरी. घाईने पहिल्याच वर्षी कांदा लावणारे असतात, पीक फसले की ते तळाला दोष देतात.

गाजरगवताकडे लक्ष ठेवा. उकरलेल्या जमिनीवर पहिला हक्क ते सांगते. फुलण्याआधी उपटले तरच उपयोग.

उतारांवर काय लावायचे?

पहिल्या पावसात गवत, दुसऱ्या पावसात झाडे. मारवेल किंवा पवना गवताचे ठोंब आडव्या ओळींत, ओळींत मीटरभर अंतर. जोडीला स्टायलो या द्विदल चाऱ्याचे बी फेका, ते नत्रही देते. पाणी जोरात येते त्या जागी वाळ्याची ओळ. झाडांत सीताफळ, बोर, आवळा, करंज, कडुनिंब, पळस. पुरंदरच्या मुरमाड जमिनीत सीताफळ कसे येते ते पाहिले की वेगळा पुरावा लागत नाही. वरच्या काठाने गिरीपुष्पाची ओळ लावली तर दरवर्षी हिरवा पाला मिळतो. सुबाभूळ लवकर वाढते हे खरे, पण बी पसरून ती उद्या शेतात येईल.

आणि पहिली दोन वर्षे गुरे-शेळ्या उतारावर सोडू नका. एवढे एक पाळले नाही तर वरचे सगळे वाचून उपयोग नाही.

खड्ड्याचे शेततळे केले तर?

लोक पहिल्यांदा हेच सुचवतात आणि मुरमाच्या खाणीला ते बहुधा जमत नाही. मुरूम पाणी धरत नाही. ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरावा लागतो, त्याखाली टोकदार खडे राहिले तर पहिल्याच भरणीत भोके पडतात, म्हणून बारीक मातीचा थर आधी पसरावा लागतो. शिवाय तळे भरणार कशाने? माळाच्या माथ्यावरच्या खड्ड्याला पाणलोटच नसतो. पाणलोट असेल, सांडवा काढायला जागा असेल आणि खड्डा लहान असेल तर करा. कुंपण आणि कागदावरून वर येण्यासाठी बांधलेला दोर हे खर्चाचे भाग समजा. ओल्या प्लास्टिकवर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

कागद न घालता पाणी राहत असेल तर त्यात गप्पी मासे सोडा, डासांसाठी.

कायदा काय सांगतो?

मुरूम हे गौण खनिज. खाण आणि खनिज अधिनियम, १९५७ च्या कलम १५ खाली राज्ये त्याचे नियम करतात, आपल्याकडे २०१३ चे नियम आहेत. सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरपेक्षा लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीच्या कक्षेत आणले, त्यामुळे 'आमची खाण लहान आहे' हे उत्तर आता पुरत नाही. विनापरवाना उत्खननाला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली दंड होतो, आणि तो भरला नाही तर सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो. ठेकेदाराचे नाव सातबाऱ्यावर नसते, तुमचे असते.

एक व्यावहारिक मुद्दा. महसूल खाते ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) या मोजणी यंत्राने खड्डा मोजते, ठेकेदार गाड्या मोजतो. उकरलेला मुरूम फुगतो, खड्ड्यातले १०० ब्रास गाडीत १२५ च्या आसपास भरतात. हिशेब कशावर करायचा हे करारात लिहा, नाहीतर दोघेही आपापल्या जागी खरे बोलत भांडतात.

ठेकेदाराशी करारात नेमके काय लिहावे?

कमाल खोली मीटरमध्ये आणि ती मोजायची खूण (न हलणारा दगड किंवा विहिरीचा कठडा). हद्दीपासूनचे अंतर. माती वेगळी काढून ढीग लावणे आणि ती बाहेर न नेणे. उतार ३ : १ आणि त्यासाठी कापलेला मुरूम खड्ड्यातच टाकणे, ही ओळ विसरलात तर तो २१५ ब्रासही विकला जाईल. तळ फोडणे, माती पसरणे. बाहेरचा कोणताही भराव न आणणे. काम ७ जूनच्या आत, म्हणजे मृगाआधी संपवणे. आणि या सगळ्या कामाच्या यंत्र-तासांइतकी रक्कम शेवटपर्यंत राखून ठेवणे. जेसीबी तासाला किती उचलतो ते पहिल्याच दिवशी घड्याळ लावून मोजा, त्यावरून तास काढा. शब्दाला जागणारा ठेकेदार या अटीवर रागावत नाही.

कोकणातल्या चिरेखाणीला हेच लागू आहे का?

अर्धेच. जांभ्याची कडा उभी कापलेली असते आणि बरीच वर्षे उभी राहते, त्यामुळे तिला ३ : १ उतार देण्याचा खटाटोप करू नये. कुंपण आणि गुरांना वर येण्यासाठी एका बाजूला उतरण पुरे. तळाला शेडू (जांभ्याखालचा चिकण थर) लागला असेल तर पाणी मुरत नाही, निचऱ्याचा चर आधी. तिथे भराव मात्र जागेवरच असतो: चिऱ्यांचे तुकडे आणि भुकटी. तुकडे खाली, भुकटी वर, त्यावर राखून ठेवलेली माती, आणि काजूला मीटरभर खड्ड्यात वेगळी माती-शेणखत.

पंधरा वर्षांपूर्वीची खाण आहे. माती कधीच गेली. आता काही होईल?

शेत होणार नाही, कुरण होईल. आधी पाहा की आपोआप काय उगवले आहे. जिथे गवत आहे तिथे हात लावू नका, त्या जागी काही इंच माती तयार झालेली असते. ढासळणारी कडा तेवढी उतरवा, वरचा चर काढा. उघड्या तळावर आडव्या रेषांत ३० सेंटिमीटर खोल चर पाडून त्यांत गाळ, शेणखत भरा आणि फक्त चरातच गवत-स्टायलो लावा. सगळीकडे पातळ माती पसरण्यापेक्षा थोड्या जागी जाड थर दिलेला बरा. झाडांसाठी ६० सेंटिमीटरचे खड्डे, प्रत्येकात दोन-तीन घमेली गाळ, आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी. त्या पाण्याची सोय नसेल तर त्या वर्षी झाडे लावू नका, नुसते गवत लावा.